रातकिडा-गाडी, नोंद पाचवी: कान जवळ आणले

दोन माइकांनी रातकिड्याची किरकिर ऐकून तिच्याकडे धावणारी गाडी मी बनवतोय. मागच्या नोंदीत ती किरकिर वाजवणाऱ्या स्पीकरकडे जायचं सोडून खळ्यात (अंगणात) गोल गोल फिरत होती. चूक सापडली, माझ्याच अकलेची. माइक जितके लांब तितका आवाज पोचण्यातला फरक मोठा, असं समजून मी दोघांत १० सेंटिमीटर ठेवले होते. पण ४८०० हर्ट्झच्या किरकिरीची तरंगलांबीच जेमतेम ७ सेंटिमीटर! कुठली लाट आधीची, कुठली नंतरची, गाडीला कळणार कसं?

रात्री नारळाच्या सोडणांच्या ढिगातून एक रातकिडा पकडून भिंगाखाली धरला. पुढच्या पायावर, गुडघ्याच्या जरा खाली, पांढुरका लांबट पडदा. हा त्याचा कान. दोन कानांत अंतर सेंटिमीटरभर, म्हणजे आवाज पोचण्यातला फरक फार तर ३० मायक्रोसेकंद. पण पायातली श्वासनलिका छातीत जाऊन पलीकडच्या नळीला भिडते, त्यामुळे पडद्यावर आवाज बाहेरूनही आदळतो नि आतूनही. दिशा बदलली की दोघांचा मेळ बदलतो, पडदा कमीजास्त हलतो. वेळेतला फरक असा जोराच्या फरकात बदलूनच मज्जातंतूंकडे जातो.

संशोधक बार्बरा वेब यांच्या रातकिडा-रोबोत हीच युक्ती होती, मी ती ढापली. माइक १८ मिलिमीटरवर, म्हणजे पाव तरंगलांबी. सॅम्पलिंग सेकंदाला १९२०० (आवाज इतक्या वेळा मोजायचा), म्हणजे एक सॅम्पल बरोब्बर पाव आवर्तन! डाव्या माइकच्या सॅम्पलमधून उजव्याचं मागचं सॅम्पल वजा, उजव्यातून डाव्याचं मागचं. आवाज डावीकडून आला की डावा आकडा दुप्पट, उजवा जवळपास शून्य. दोन ओळींचा कोड. मी एकटाच हसत बसलो. आतून आईची हाक, "मेल्या, जेवक कधी येतलंस?"

वर ओमेगा नावाच्या मज्जापेशींची नक्कल. रातकिड्याच्या छातीत डावी-उजवी अशी ही जोडी एकमेकींना दाबते, ज्या बाजूला जोर ती दुसरीला गप्प करते. मी प्रत्येक आकड्यातून दुसऱ्याचे ३० टक्के वजा केले. बारीक फरकही ठळक झाला.

खळ्यात ३ मीटरवरून दहापैकी आठदा गाडी स्पीकरला धडकली. पडवीत दोनदाच, चिऱ्याच्या भिंती आवाज परत फेकतात.

काल खऱ्या रातकिड्यामागे सोडली. हातभर अंतरावर पोचली आणि तो गप्प. पिवळ्या बीओ मोटरची (गाडीची चाकं फिरवणारी स्वस्त गिअरवाली मोटर) घरघर कशी कमी करायची, कुणी केलंय का?