परवान्यावरून माझे नाव कमी होईपर्यंत

सांगली जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी मी साडेतीन वर्षे एका मेडिकल दुकानात नोंदणीकृत फार्मासिस्ट होते. घराजवळ दुसरी नोकरी मिळाल्यावर ३१ मार्चला मी राजीनामा दिला आणि हिशेब चुकता करून घेऊन बाहेर पडले. दुकानाच्या परवान्यावरून माझे नाव कमी व्हायला मात्र जुलैचा शेवटचा आठवडा उजाडला.

राजीनामा देताना मालक म्हणाले होते, "मॅडम, दुसरं माणूस मिळेपर्यंत नाव राहू द्या. तुमचं काय जातंय? महिन्याला काहीतरी पाठवत जाईन." आमच्या व्यवसायात ही बोली नवी नाही. प्रमाणपत्र भिंतीवर आणि फार्मासिस्ट दुसऱ्याच गावी, असा कारभार एकेकाळी राजरोस चालत असे. २०१२ च्या सुमारास महेश झगडे अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त असताना राज्यभर तपासण्या झाल्या आणि औषधविक्रेत्यांच्या संघटना त्याविरुद्ध उभ्या राहिल्या, हे माझ्या पिढीच्या विद्यार्थ्यांना चांगले आठवते. मी मालकांना नकार दिला, पण तो तोंडी दिला, आणि राजीनाम्याच्या प्रतीवर पोच घ्यायचे राहून गेले. पुढचा सगळा मनस्ताप या एका हलगर्जीपणाने ओढवला.

नव्या दुकानाच्या मालकांनी माझे नाव जोडण्यासाठी ऑनलाइन अर्ज केला, तेव्हा माझा नोंदणी क्रमांक जुन्याच दुकानाशी जोडलेला निघाला आणि अर्ज परत आला. त्याच सुमारास चुलतसासऱ्यांनी त्या गावाहून औषधे आणली. कॅश मेमोवर ९ मे ही तारीख होती, खाली माझे नाव आणि नोंदणी क्रमांक छापलेला होता आणि त्यावर कोणीतरी माझी म्हणून ओढलेली सही होती. औषधांमध्ये ट्रॅमाडॉल या तीव्र वेदनाशामकाची एक पट्टी होती. मी ते बिल कितीतरी वेळ हातात धरून बसले होते.

औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ मधील नियम ६५ नुसार डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील औषध नोंदणीकृत फार्मासिस्टच्या हातून किंवा त्याच्या व्यक्तिगत देखरेखीखालीच दिले गेले पाहिजे, आणि फार्मसी कायदा, १९४८ चे कलम ४२ फार्मासिस्टखेरीज इतरांना औषध देण्यास मनाई करते. ट्रॅमाडॉल शेड्यूल एच-वनमध्ये, म्हणजे विक्रीची वेगळी नोंद ठेवावी लागणाऱ्या औषधांच्या यादीत येते. १ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या या शेड्यूलमधील औषधे देताना डॉक्टरांचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि दिलेली संख्या वेगळ्या रजिस्टरात लिहावी लागते आणि ते रजिस्टर तीन वर्षे जपावे लागते. म्हणजे त्या पट्टीचा जाब विचारायची वेळ आली असती, तर कागदोपत्री तो मलाच विचारला गेला असता.

परवान्यावरून माझे नाव कमी करावे म्हणून मी अन्न व औषध प्रशासनाच्या सहायक आयुक्तांच्या नावे अर्ज लिहिला, सोबत राजीनाम्याची प्रत, नव्या नोकरीचे नियुक्तिपत्र आणि त्या बिलाची झेरॉक्स जोडली आणि एक प्रत पोचपावतीसह पोस्टाने जुन्या मालकांनाही पाठवली. आवक खिडकीवरच्या लिपिकांचे म्हणणे असे की, फार्मासिस्ट बदलल्याचे परवानाधारकाने कळवायचे असते, तुमचा अर्ज आम्ही कशात घ्यायचा? तिसऱ्या खेपेस एकदाचा प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का मिळाला. त्या शिक्क्यानंतर कागद हलू लागला.

जूनमध्ये औषध निरीक्षकांनी दुकानाची तपासणी केली आणि सही ओळखण्यासाठी मला जबाबाला बोलावले. त्यांनी एच-वनचे रजिस्टर माझ्यासमोर उघडले. ३० मार्चपर्यंत माझे अक्षर होते. पुढची दोन पाने एकाच निळ्या पेनने, एका बैठकीत भरल्यासारखी दिसत होती, आणि ट्रॅमाडॉलची ती पट्टी त्यांत नव्हती. सही माझी नाही, हे सिद्ध करायला फार वेळ लागला नाही. मग त्यांनी शांतपणे विचारले, "तुमची ड्युटी दहा ते सहा आणि दुकान रात्री दहापर्यंत उघडे. सहानंतर औषधे कोण देत होतं?"

या प्रश्नाची तयारी मी केली नव्हती. खरे उत्तर असे होते की काउंटरवरचा मुलगा देत होता, मला ते ठाऊक होते, आणि सकाळी आल्यावर मी त्याने वहीत टिपून ठेवलेल्या नोंदी रजिस्टरात उतरवून घेत होते. एका फार्मासिस्टच्या पगारात सकाळपासून रात्री दहापर्यंत दुकान चालवायचे, हे गणित मालकाचे खरे, पण त्यावर सही माझी होती. मी ते जबाबात तसेच लिहून दिले. फार्मसी कायद्याच्या कलम ३६ खाली फार्मसी कौन्सिल फार्मासिस्टांच्या नोंदवहीतूनच नाव काढू शकते, हे माहीत असल्याने त्या रात्री झोप लागली नाही. दुकानाला परवाना निलंबित किंवा रद्द करण्याविषयीच्या नियम ६६ खाली कारणे दाखवा नोटीस गेली, मला लेखी खुलासा द्यावा लागला, आणि त्यानंतर दुकानाच्या परवान्यावरून माझे नाव कमी झाले.

नव्या दुकानात रुजू होण्यापूर्वी मी नियुक्तिपत्रात कामाचे तास लिहून घेतले आणि मी नसेन त्या वेळी चिठ्ठीवरील औषधे दिली जाणार नाहीत, असे एक वाक्य घालायला लावले. मालक थोडे कुरकुरले, "दुपारचं गिऱ्हाईक जाईल हो," पण त्यांनी सही केली. पहिल्या दिवशी मी एच-वनच्या कपाटातील प्रत्येक पट्टी बॅच क्रमांकासह मोजली, ती यादी रजिस्टरच्या पहिल्या पानावर उतरवली आणि तिच्याखाली आम्ही दोघांनी तारीख घातली. त्या पानाची झेरॉक्स घरी, राजीनाम्याच्या त्या जुन्या प्रतीजवळ ठेवली आहे.