खापराभोवतीची पंगत : आमची वाटचाल

आमच्या प्रयोगाला बरेच लोक 'डिनर थिएटर' म्हणतात. आम्ही पहिल्या दिवसापासून त्याला पंगतच म्हणत आलो. 32 माणसं, समोरासमोर दोन रांगा, मध्ये दोन चुली आणि चुलींवर पालथी खापरं. गोष्ट सांगणारेच वाढतात, आणि वाढता वाढता गोष्ट पुढे सरकते.

सुरुवात 2013 साली पुण्यात, पेठेतल्या एका वाड्याच्या चौकात झाली. त्याआधी वीस वर्षं मी प्रायोगिक नाटकांची प्रकाशयोजना करत होतो. खानदेशातल्या एका लग्नघरी मावशींना मांडे करताना पाहिलं. वस्त्रगाळ पिठाची कणीक तेल-पाण्यात सैल केलेली, पुरण भरलेला उंडा तळहातावरून कोपरापर्यंत पसरत गेला आणि एका हिसक्यात खापरावर पडला. पंधरा-वीस माणसं बोलणं विसरून त्या हातांकडे बघत उभी होती. अशी शांतता मला नाट्यगृहात क्वचित मिळाली होती. मावशींना मी तिथेच भागीदार व्हा म्हटलं. त्या म्हणाल्या, "भाऊ, खापर तुमच्या भाषणासाठी थांबत नाही." आमच्या सगळ्या संहिता त्या एका वाक्यावर उभ्या आहेत.

पहिलं वाढप विदुराघरच्या कण्यांचं. ज्वारीच्या कण्या ताकात शिजवतो, वर लसणीच्या पातीचं तेल आणि तळलेली अंबाडी. मग लेकीकडून परतणाऱ्या म्हातारीचा भोपळा. एक कच्चा भोपळा रांगांमधून खरोखर घरंगळत जातो, दुसरा निखाऱ्यात भाजलेला असतो. वाघोबा वाट अडवतो तेव्हा तो भाजलेला भोपळा आम्ही पानांसमोर कापतो आणि बाजरीच्या रोटीवर तूप घालून देतो, कारण म्हातारी लेकीकडे तूप-रोटी खायलाच गेली होती.

शेवटी मुक्ताबाईचे मांडे. विसोबाने कुंभारांना दम दिलेला, आळंदीत खापर मिळेना, मुक्ताई रडवेली, आणि ज्ञानदेव म्हणतात, माझ्या पाठीवर भाज. त्या क्षणी चौकातले सगळे दिवे मालवतो, फक्त चुलीचा उजेड राहतो. ज्ञानदेव झालेला नट पाठमोरा बसतो, त्याच्या पलीकडे मावशी मांडा टाकतात. रांगेतून बघणाऱ्याला मांडा पाठीवर पडल्यासारखाच दिसतो. मांडा भाजायला लागणारा वेळ हाच त्या प्रसंगाचा वेळ. एका मांड्यात दोघं, म्हणजे सोळा मांडे. हे स्वयंपाकघरात आधी करून ठेवता येत नाही. केलं तर नाटकही राहत नाही आणि मांडाही राहत नाही.

पुढची चार वर्षं बरी गेली.

2018 साली आमच्याकडे तीन वर्षं वाढप सांभाळणारा मुलगा सोडून गेला. जाताना संहितेची प्रत घेऊन गेला हे दोन महिन्यांनी कळलं, तेही एका ग्राहकाने हौसेने व्हिडिओ दाखवला तेव्हा. एका लॉनवर, एका इव्हेंटवाल्याच्या मांडवात, चारशे माणसांसमोर आमची मुक्ताई बोलत होती. माझीच वाक्यं, माझा दिवे मालवण्याचा क्षणसुद्धा. पण आवाज रेकॉर्ड केलेला, नट ओठ हलवत होते. मांडे दुपारी लोखंडी तव्यावर केलेले, फॉइलमध्ये गुंडाळून थंड वाढलेले. दर आमच्या निम्मा.

नाटकाची संहिता तपासून प्रयोगाला परवानगी देणाऱ्या परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र आमच्या नावावर होतं. वकील म्हणाले, खटला जिंकाल, पण तोवर संस्था राहणार नाही. त्या हंगामात 24 पंगती ठरल्या होत्या, त्यातल्या 15 रद्द झाल्या. एका कंपनीच्या बाईंनी फोनवर विचारलं, "तुम्हीपण तेच करता ना, त्यांच्यासारखं?" त्या रात्री मला झोप लागली नाही. आजही ते वाक्य आठवलं की हात थंड पडतात. पुढे दिवे कमी-जास्त करणारा डिमर विकला, चार स्पॉटलाइट विकले. मावशींचे पाच महिन्यांचे पैसे थकले. त्यांनी एकदाही मागितले नाहीत, आणि याचंच मला जास्त लागलं.

डिसेंबरात एक खापरही तडकलं. नव्या मुलाने तापल्या खापराला ओला हात लावला होता.

आमचे एक काका आहेत, निवृत्त शिक्षक, मूळचे खानदेशातल्या रावेरकडचे. पहिल्या महिन्यापासून येतात आणि उजव्या रांगेत शेवटचं पान धरतात, कारण तिथून खापर नीट दिसतं. खापर फुटल्याचं त्यांना कळलं. ते गावी गेले आणि महाराष्ट्र एक्स्प्रेसने परत आले, मांडीवर गोधडीत गुंडाळलेलं खापर घेऊन. रात्रभर ते खाली ठेवलं नाही म्हणे. वाड्याच्या दारात उभे राहून म्हणाले, "माझा अमृतमहोत्सव आहे. 32 पानं माझी. पैसे आधी घ्या." त्या पैशांतून मावशींची थकबाकी दिली. त्या पंगतीला आलेल्या पाहुण्यांनी पुढच्या सहा पंगती ठरवल्या. आम्ही उभे आहोत ते तिथून.

2020 मार्च ते 2021 ऑक्टोबर सगळ्यांचं जे झालं तेच आमचं झालं.

या धंद्यात येऊ बघणाऱ्या मुलांना काही गोष्टी सांगतो. खापर घेताना उचलून टिचकी मारा. खणखणीत वाजलं तर घ्या, बद्द वाजलं तर आत चीर आहे, कुंभार कितीही ओळखीचा असो. स्टीलची ताटं वापरू नका, वाटी आपटली की नटाचं वाक्य मरतं, पत्रावळ घ्या. स्वगत चालू असताना पापड वाढू नका. वाढप्याने वाक्य संपल्यावर वाकावं, मध्ये नाही. आणि संहितेची प्रत कुणालाही घरी नेऊ देऊ नका, अगदी घरच्यासारख्या माणसालाही.

तो मुलगा गेल्या वर्षी दसऱ्याला आला होता. लॉनवाल्यांचं ते सगळं बंद पडलं, कामाला घ्या म्हणाला. मी काही बोललो नाही. मावशींनी त्याला पान मांडून वाढलं आणि मांडा त्याच्यासमोर खापरावर भाजला. कामावर मात्र मी घेतलं नाही, आणि अजूनही घेणार नाही.

मावशींचे खांदे आता दुखतात. त्यांची सून हात बसवते आहे. तिचा मांडा अजून कडेला जाड राहतो, म्हणून सध्या दुसऱ्या चुलीवर ती आणि पहिल्या चुलीवर मावशी. काकांचं शेवटचं पान शनिवारी धरून ठेवलेलं असतं. उशीर होणार असेल तर ते फोन करतात, आणि आम्ही कण्या थोड्या उशिरा वाढतो.