फोन नंबर (पी. पी.)

"९.५०. ऑफिसातून साहेब. आवाज तापलेला. 'निघालाय' म्हणून सांगितलंय. निघ."

ही चिठ्ठी दाराखालच्या फटीतून आत सरकली तेव्हा मी तोंडाला फेस फासून आरशासमोर उभा होतो. गजर फोनमध्ये आणि फोन लॅमिंग्टन रोडवर, त्यामुळे उशीर व्हायचाच होता. चिठ्ठी उलटून पाहिली. सोसायटीच्या जुन्या नोटिशीचा पाठकोरा तुकडा, मागे "येणार नाही. सभासदांनी" एवढंच उरलेलं. पुढच्या बाजूचं अक्षर मात्र बघत राहावं असं. आधी वेळ, मग कुठून, मग कोण, मग काय. शेवटचं "निघ" तेवढं नियमात बसणारं नव्हतं.

फोन पडला गोरेगाव स्टेशनच्या जिन्यावर, जुलैतल्या संध्याकाळी. वरच्या खिशातून निसटला, पायरीवरच्या पाण्यात पडला आणि मागून येणाऱ्या कुणाच्या तरी बुटाने आणखी दोन पायऱ्या खाली गेला. उचलला तर काच काळी, पण आतून वाजत होता. विहिरीत पडलेल्या माणसाने हाका माराव्यात आणि आपल्याकडे दोर नसावा, तसं वाटलं. रात्रभर तांदळाच्या डब्यात पुरून ठेवला. तांदूळ कोलम होता, पण त्याने काही फरक पडला नाही.

लॅमिंग्टन रोडचं कागदोपत्री नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. त्या नावाने रिक्षावाल्यालाच काय, तिथल्या दुकानदारालाही पत्ता सांगता येणार नाही. तिथल्या एका टेबलाएवढ्या दुकानात एका मुलाने फोनची पाठ गरम करून उचकटली, भिंगाखाली धरली आणि डॉक्टरी आवाजात म्हणाला, "फोल्डर गेला, म्हणजे डिस्प्ले. बोर्डला पण पाणी लागलंय. ओरिजिनल टाकू की कॉपी?" मी किंमत ऐकून कॉपी म्हणालो. "गुरुवारी या." कुठल्या गुरुवारी, ते त्याने सांगितलं नाही आणि मला विचारायचं सुचलं नाही. निघताना त्याने पिन टोचून सिमकार्ड काढलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. करंगळीच्या नखाएवढं. मी ते पाकिटात गणपतीच्या फोटोमागे ठेवलं. दुसरं काय करणार? घरी खणात एक जुना बटणांचा फोन होता. त्याची बॅटरी पुरीसारखी फुगलेली, आणि त्याची खोबण जुन्या मोठ्या सिमची.

घरात मी एकटाच. बायको नाशिकला, सासूबाईंच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी. तिला कळवायला म्हणून दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडे गेलो. वयाने त्या माझ्या काकू शोभणार नाहीत, पण आमच्या सोसायटीत त्या सगळ्यांच्याच काकू. त्यांनी फोन हातात दिला आणि मी तसाच उभा. बायकोचा नंबर मला येत नव्हता. अठरा वर्षं संसार झालाय. नव्व्याण्णवने सुरू होतो की अठ्ठ्याण्णवने, इथपासून तयारी.

काकूंनी फोन परत घेतला, नंबर तोंडपाठ दाबला आणि रिंग जात असताना म्हणाल्या, "ते सिम दे इकडे. माझ्यात दुसरी खोबण रिकामी आहे."

अशा रीतीने वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी मी पुन्हा पी. पी. झालो.

ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी: एके काळी मुंबईतल्या निम्म्या लग्नपत्रिकांवर, दुकानांच्या पाट्यांवर आणि लेटरहेडांवर फोन नंबरापुढे कंसात 'पी. पी.' असे. म्हणजे फोन यांचा नव्हे, शेजाऱ्यांचा. करा, ते बोलावून देतील. मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज आलं १८८२ मध्ये. गिरगावातल्या आमच्या चाळीच्या पहिल्या मजल्यापर्यंत पोचायला फोनला शंभर वर्षं लागली, आणि तिथून तिसऱ्या मजल्यावर आमच्या खोलीत यायला आणखी दहा. नाव नोंदवून माणसं वर्षानुवर्षं वाट पाहायची. तोवर आमचा नंबर म्हणजे पहिल्या मजल्यावरच्या आजोबांचा नंबर. अडतीसने सुरू व्हायचा. तो मला आजही झोपेतून उठवून विचारा.

फोनवर विणलेलं झाकण, तबकडीला पितळी कुलूप. आपला फोन आला की खालून गॅलरीतून हाक यायची आणि ती वाटेतल्या सगळ्या खोल्यांना ऐकू जायची. खाली जाऊन त्यांच्या घरात अनवाणी उभं राहून बोलायचं. ते जेवत असले तर जेवण थांबायचं. आपल्याला नीट ऐकू यावं म्हणून टीव्हीचा आवाज कमी करत. त्यांनाही नीट ऐकू यायचं, हा वेगळा फायदा. आत्याचं लग्न ठरलं ते आमच्या आईच्या आधी पहिल्या मजल्याला कळलं होतं.

पण एक पहाट आठवते. रत्नागिरीहून फोन आला होता. त्या दिवशी हाक आली नाही. आजोबा स्वतः काठी टेकत दोन जिने चढून वर आले, वडिलांना म्हणाले, "शर्ट घाला, खाली चला," आणि माझ्याकडे बघून, "तू झोप." वडील खाली गेले तेव्हा तिथे चहा तयार होता. आमचे आजोबा गेल्याचं त्यांनी वडिलांना चहा अर्धा झाल्यावर सांगितलं, असं वडील पुढे खूप वर्षं सांगायचे. त्यात तक्रार नसायची.

काकूंचं प्रकरण मात्र पहिल्या मजल्यासारखं घरगुती नव्हतं. काकू टेलिफोन ऑपरेटर होत्या. १९८२ मध्ये लागल्या तेव्हा खातं पोस्ट आणि तारवाल्यांचं होतं, १९८६ मध्ये एमटीएनएल झालं. ३१ जानेवारी २०२० ला तिथली चौदा हजारांहून जास्त माणसं एकाच दिवशी स्वेच्छानिवृत्ती घेऊन घरी गेली, त्यांत काकू. सुरुवातीची वर्षं ट्रंकवर, म्हणजे परगावच्या कॉलवर. एकशेऐंशी फिरवून लोक कॉल बुक करायचे. ऑर्डिनरी, अर्जंट, नाहीतर लाइटनिंग, ज्याला साध्याच्या आठपट पैसे पडत. "लाइटनिंग लावणारा माणूस एक तर शेअरबाजारातला, नाहीतर घरी कुणी गेलेला," काकू सांगतात. "आवाजावरून लगेच कळायचं. शेअरबाजारवाला जास्त रडायचा."

आता हे बोर्डावरचं कौशल्य माझ्या एकट्याच्या सेवेला आलं. संध्याकाळी घरी आलो की दारात तीन-चार चिठ्ठ्या.

"११.२५. बँक, लोन पाहिजे का. नको सांगितलं."

"१.१०. केसांच्या उपचारवाले. तू चौकशी केली होतीस म्हणतात. नको सांगितलं. नको आहे ना?"

"४.००. शाळेतला मित्र, नाव सांगेना. 'परत करतो' म्हणाला. पैसे की फोन, ते विचारलं नाही."

केसांची चौकशी मी एकदा रात्री दीड वाजता, अगदी गुपचूप केली होती. त्या दिवशी जिन्यात काकू भेटल्या तेव्हा त्यांनी माझ्या डोक्याकडे पाहिलं नाही. इतक्या काटेकोरपणे पाहिलं नाही, की मला सगळं कळलं. पण एक सांगायला हवं: त्या चिठ्ठ्यांमधलं एक अक्षर सोसायटीत कुणाच्या तोंडी आलं नाही. मी एकदा आडून विचारलं, तर म्हणाल्या, "लाइनवरचं लाइनवर. नाहीतर अडतीस वर्षांत मी निम्मी मुंबई मोडली असती."

ओटीपीने मात्र त्यांनाही कोड्यात टाकलं. विजेचं बिल भरायला मी त्यांच्याच सोफ्यावर ऑफिसचा लॅपटॉप उघडून बसलो. त्यांच्या हातात फोन किणकिणला. काकूंनी चष्मा लावला, पूर्ण मेसेज वाचला आणि माझ्याकडे पाहिलं. "हा नंबर कुणालाही सांगू नका, असं बँकेने लिहिलंय. मग तुला सांगू की नको?"

बाहेरच्या जगात मी दिवसागणिक निकामी होत चाललो होतो. लोकलचा पास फोनमध्ये, त्यामुळे रोज खिडकीवरच्या रांगेत उभं राहून "एक चर्चगेट रिटर्न". डब्यात सगळे मान खाली घालून बसलेले असतात, यावर पुष्कळांनी लिहून झालंय. मी फक्त एवढंच सांगतो की मान वर असलेल्या एकट्या माणसाकडे लोक संशयाने बघतात. खिशात रोकड होती, पण ती कुणाला नको होती. यूपीआय सुरू झालं ११ एप्रिल २०१६ ला. ते चालवणाऱ्या एनपीसीआयचं मुख्य कार्यालयही इथलंच, मुंबईतलं. तेवढ्या काळात या शहरातले सुट्टे पैसे कुठे गडप झाले कोण जाणे. भाजीवालीसमोर पाचशेची नोट धरली, तर तिने ती नोट न बघता मला नीट पाहून घेतलं. शेवटी शेजारच्या फुलवाल्याकडून मोड आणली, त्यातही बारा रुपये कमी पडले. त्यांची भरपाई म्हणून तिने दोन लिंबं आणि कढीपत्ता पिशवीत कोंबला. हा बारा रुपयांचा हिशोब तिने कसा केला, ते विचारायची माझी छाती झाली नाही.

मनगटावर घड्याळ बांधायची सवय कधीच गेली होती. लहानपणी वेळ पाहायची तर पहिल्या मजल्यावर जाऊन एकशेचौऱ्याहत्तर फिरवायचा. एक बाई न थकता वेळ सांगत राहायची. आता चर्चगेटला उतरून ओव्हल मैदानातून फोर्टकडे चालताना राजाबाई टॉवरकडे बघू लागलो. इतकी वर्षं त्याच वाटेने जातोय आणि ते घड्याळ चालू आहे की बंद, हे मला सांगता आलं नसतं. चालू आहे. १८७८ मध्ये पुरा झालेला, दोनशे ऐंशी फूट उंच. पैसे दिले प्रेमचंद रायचंदांनी आणि नाव दिलं आईचं. राजाबाईंना डोळ्यांनी दिसत नसे, आणि जैन असल्यामुळे सूर्यास्ताआधी जेवायचं असे. टोल ऐकून त्यांना कुणाला न विचारता वेळ कळावी म्हणून हे, अशी गोष्ट सांगतात. खरीखोटी इतिहासवाल्यांनी ठरवावी. मला तिसऱ्या दिवशी तिथे उभं असताना एवढंच वाटलं, की कुणाला न विचारता सगळं कळावं ही हौस मुंबईत जुनीच आहे. आपण फक्त टॉवर खिशात घालून फिरतो.

गुरुवार आला नि गेला. पीसीओवाले पिवळे डबे नाहीसे झाल्यामुळे दुकानात फोन करून विचारायचं तर काकूंकडेच जायचं. काकूंनीच फोन लावला. त्यांचा तो आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. सपाट, गोड आणि ज्याला "नाही" म्हणता येत नाही असा. "लॅमिंग्टन रोड? बोला, पार्टी लाइनवर आहे." पलीकडचा मुलगा गोंधळून थेट खरं बोलला. बोर्डावरची एक आयसी मिळत नव्हती. सोमवारी नक्की.

आणि शनिवारी रात्री साडेनऊला बेल वाजली. दार उघडलं, तर काकू स्वतः. हातात चिठ्ठी नाही.

त्या दोन सेकंदांत माझ्या डोळ्यांसमोर काय आलं असेल, ते वर लिहिलंच आहे. शर्ट घाला, खाली चला.

"आधी बस," काकू म्हणाल्या. मग लगेच, मी बसायच्या आत, "काही झालेलं नाही. नीट ऐक, काही झालेलं नाही. ताप आलाय सासूबाईंना, शुगर वाढलीये, दोन दिवस जास्त ठेवतायत. तुझी बायको एकटी आहे, थोडी घाबरलीये. हे घे, लाइन धरून ठेवलीये." त्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि स्वतः गॅलरीत जाऊन कुंडीतल्या तुळशीची वाळलेली पानं खुडत उभ्या राहिल्या. पाठ आमच्याकडे. सव्वाअकरापर्यंत. तुळशीला तेवढी पानंही नव्हती.

फोन परत देताना मी म्हटलं, "चिठ्ठी टाकली असती तरी चाललं असतं."

"सगळंच लिहून देतात का?" त्या म्हणाल्या आणि चप्पल सरकवून खाली गेल्या.

फोन मिळाला मंगळवारी. कॉपी काच थोडी निळसर आहे आणि वरच्या कोपऱ्यात बोट दोनदा दाबावं लागतं. काकूंकडून सिम आणलं, टाकलं, आणि नऊ दिवसांचं तुंबलेलं सगळं एकदम आलं: एकट्या ऑफिसच्या ग्रुपवर चारशेच्या वर मेसेज. बहुतेक गुड मॉर्निंग. बायकोला माझ्या फोनवरून फोन केला, तर ती म्हणाली, "अय्या, तू? बरं, मग करते," आणि ठेवला.

बुधवारी संध्याकाळी घरी आलो. दाराखाली चिठ्ठी.

"५.३५. नाशिकहून तुझी बायको, माझ्या नंबरवर. सासूबाई वॉकर धरून चालल्या. शुक्रवारी सोडतील. बाकी बरंच बोलली. तुला निरोप काही नाही."