हवालदारांची नडगी

जून उजाडला की साताऱ्यात माझ्या फिजिओथेरपीच्या क्लिनिकमधली गर्दी बदलते. गुडघे धरून येणाऱ्या आज्या मागे पडतात, नडग्या धरून येणारे पळणारे वाढतात. पावसाळा सरता सरता हिल हाफ मॅरेथॉन असते. यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्याला पुढे जायचं आणि तोच घाट उतरून परत, २१ किलोमीटर. कित्येकांचं नाव नोंदवून, टी-शर्टची साईज कळवून झालेली असते; पळायला सुरुवात तेवढी राहिलेली असते.

हवालदार त्यातले नव्हते. एकेकाळी पोलीस क्रीडा स्पर्धांत क्रॉसकंट्री पळालेला माणूस. आता वय ४४. बंदोबस्त, बदल्या, मुलीची बारावी यांत पळणं सुटलं ते दहा वर्षं. परत सुरू केलं आणि महिन्याभरात जुना वेग हाताशी आला.

"धाप लागत नाही मॅडम, मग पायच का दुखतो?"

धाप लागत नाही हीच तर अडचण. पळणं पुन्हा सुरू झालं की रक्तातला पाण्याचा भाग आठवड्या-दोन आठवड्यांत वाढतो, एकेका ठोक्याला हृदय जास्त रक्त ढकलतं आणि दम भराभर परत येतो. हाडाचा हिशेब उलटा. नवा भार आला की हाड आधी जुना भाग पोखरून काढतं आणि मग भरायला घेतं. पोखरणं काही आठवड्यांत उरकतं, भरून कडक व्हायला महिने जातात. म्हणजे अंगात जोर आल्यासारखं वाटतं नेमकं तेव्हाच नडगी कच्ची असते. नवखा माणूस धापेमुळेच थांबतो. जुन्या खेळाडूला थांबवणारं कोणी नसतं, वर मनगटावरचं घड्याळ शाबासकी देत असतं.

नडगीच्या आतल्या कडेवरून मी अंगठा दाबत खाली नेला. चार बोटांहून लांब पट्टा दुखला तर मला तितकीशी काळजी वाटत नाही. इथे खालच्या तिसऱ्या भागात रुपयाएवढी एकच जागा होती. तिथे अंगठा पोचला आणि त्यांनी टेबलाची कड धरली. एका पायावर उडी मारायला सांगितली, तर मारलीच नाही. रात्री पडल्यावरही ठणकतं, हे विचारल्यावर सांगितलं.

खिशात एक्स-रे होता, नॉर्मल. कुठेतरी त्यावर "स्नायूची सूज" सांगून वेदनाशामक गोळ्या दिल्या होत्या आणि गोळी घेऊन ते घाट उतरत होते. असल्या दुखण्यात सुरुवातीचा एक्स-रे बऱ्याचदा स्वच्छच येतो, तरी लोक तो पळायचा परवाना असल्यासारखा दाखवतात. हाडांच्या डॉक्टरांकडे पाठवलं, एमआरआय झाला. हाडाच्या आत सूज होती, चीर अजून पडलेली नव्हती.

"पळणं बंद," मी म्हटलं.

"बंद म्हणजे किती बंद?"

हुकूम पाळायची सवय असलेला माणूस. सायकल, पोटरीचे व्यायाम, सगळं चोख केलं. पळणं मी थांबवू शकले, ड्यूटी कशी थांबवणार? स्पर्धेच्या दिवशी त्यांना घाटाच्या पायथ्याशीच बंदोबस्त लागला, पहाटेपासून बुटात. पळण्याइतका मार उभं राहण्यात नाही, पण भरून येणाऱ्या हाडाला तेही मोजावं लागतं, आणि माझ्या तक्त्यात त्याचा रकाना मला नव्याने आखावा लागला. सिक लीव्हसाठी चिठ्ठी देऊ केली.

"सणासुदीत सिक टाकली की जोडीदार मरतो, मॅडम."

खात्याच्या ड्यूटीपत्रकात माणूस हजर असतो किंवा रजेवर. अर्धा बरा झालेल्याची सोय त्यात नाही.

आता अंगठ्याने दाबलं तर दुखत नाही, उडीही मारतात. एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं, इथून सुरुवात करता येईल. पण समोर गणपतीचा बंदोबस्त आहे आणि विसर्जनाची रात्र. ते म्हणतात आत्ताच सुरू करू, सकाळचा अर्धा तास मोकळा असतो. मी विसर्जनानंतरची तारीख सांगितली आहे. त्यांनी मान डोलावली, पण बूट नवे घेतलेत असं त्यांची बायको सांगत होती.