दीड महिन्याची लस

आज चिऊची दीड महिन्याची लस झाली, सकाळपासून माझ्याच पोटात गोळा आलेला. आईने तेल लावून अंघोळ घातली, दुपट्यात गुंडाळलं आणि आम्ही तिघी रिक्षाने उपकेंद्रात गेलो. आधी पोलिओचे दोन थेंब मग जुलाबांवरची रोटाची लस, ते बाईसाहेबांनी मिटक्या मारत घेतलं. मग डाव्या मांडीत पेंटाव्हॅलंट (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ब आणि हिब जंतूमुळे होणारा न्यूमोनिया-मेंदूज्वर, 5 आजार एका सुईत, केवढी मोठी गोष्ट आहे ही), उजव्या मांडीत दुसरी, दंडावर तिसरी आणि तेव्हा ती जी रडली ना, आधी आवाजच फुटेना, नुसतं लालबुंद तोंड आणि थरथरणारा खालचा ओठ. आणि डोळ्यांत पाणी! आत्तापर्यंत कितीही रडली तरी डोळे कोरडेच असायचे तिचे, आज पहिल्यांदा एक थेंब कानापर्यंत ओघळला आणि मग माझंही काही खरं नव्हतं. सिस्टर म्हणाल्या अगं पाज तिला लगेच, सुईच्या जागी चोळू नकोस, अर्धा तास इथेच बस. पदराखाली घेतलं तर दोन मिनिटांत शांत.

संध्याकाळी अंग तापलं, सांगितलं होतं तेवढंच औषध दिलं. शेजारच्या काकू घुटी द्या म्हणत होत्या, मी नको म्हटलं, सहा महिने फक्त अंगावरचं दूध.

आत्ता छातीवर झोपलीये, माझं बोट घट्ट धरून. दोन वाजता परत ताप बघायचाय.