कामिनोवरचं मौन आणि वाटेवरचे तीन क्रूस

आल्बेर्गेत, म्हणजे यात्रेकरूंच्या निवाऱ्यात, पहाटे पाचला पहिला आवाज होतो तो प्लॅस्टिकच्या पिशवीचा. चाळीस-पन्नास माणसं एका खोलीत, दोन मजली खाटांवर झोपलेली असतात. कुणीतरी अंधारात पाठपिशवी भरायला घेतं आणि त्या कुरकुरीने अर्धी खोली जागी होते. म्हणून मौनाची तयारी आम्ही इथूनच सुरू करायला सांगतो. सामान कापडी पिशव्यांत बांधा, रात्रीच भरून ठेवा, पहाटे उठून फक्त स्लीपिंग बॅग गुंडाळा आणि बाकीचं बाहेरच्या ओसरीवर करा. दुसऱ्याची शांतता राखल्याशिवाय आपल्याला शांतता मिळत नाही, हे या वाटेवर पहिल्याच पहाटे कळतं.

कामिनो म्हणजे स्पॅनिशमध्ये वाट, आणि ही वाट सांतियागोची. फ्रान्सच्या सँ-ज्याँ-प्ये-द-पोर गावातून निघून पिरेनीज ओलांडायचा, उत्तर स्पेन पूर्वेकडून पश्चिमेकडे पार करायचा आणि संत याकोबाच्या समाधीपाशी, सांतियागो दे कॉम्पोस्तेलाला पोहोचायचं. अंतर सुमारे 780 किलोमीटर. रोज 20 ते 25 किलोमीटर चाललं तर पाच आठवडे धरावेत. आपल्याकडच्या वारीची सवय असलेल्याला इथे एक फरक लगेच जाणवतो. दिंडी नाही, टाळ-मृदंग नाही, पुढे पालखी नाही. प्रत्येक जण आपापला चालतो. संध्याकाळची मिस्सा, म्हणजे देवळातली सामूहिक उपासना, सोडली तर दिवसभराची उपासना ज्याची त्याने घडवायची असते. वसईच्या भरगच्च गायनमंडळात वाढलेल्यांना हे आधी रितं वाटतं.

पहिले आठ-दहा दिवस मौनाची अपेक्षाच ठेवू नये, कारण ते दिवस शरीराचे असतात. पहिल्या दिवशी 25 किलोमीटरमध्ये जवळजवळ 1,250 मीटर चढ आहे (हा डोंगरमार्ग 1 नोव्हेंबर ते 31 मार्च बंद असतो), आणि खिंडीनंतर रोंसेस्वायेसची उतरण गुडघे धरते. फोड येतात ते ओल, उष्णता आणि घर्षण या तिन्हींमुळे, यातलं एक तोडलं तरी पुरतं. बूट नेहमीपेक्षा एक आकार मोठा घ्या, कारण दिवसभर चालून पाय सुजतो. निघताना बोटांना व्हॅसलीन लावा, दर दोन तासांनी बूट-मोजे काढून पाय वारवा. पाठपिशवी स्वतःच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाच्या आत ठेवा. बायबलची जाड प्रत नेऊ नका. स्तोत्रसंहितेतली 120 ते 134 ही आरोहणस्तोत्रं हाताने कागदावर उतरवून न्या. यरुशलेमला चढून जाणाऱ्या यात्रेकरूंचीच ती गीतं आहेत, आणि एकूण पंधरा असल्याने रोज एक पाठ केलं तर अर्ध्या वाटेपर्यंत सगळी तोंडात बसतात. लिहून काढताना शब्द हळू जातात, तेवढ्यात ते आत उतरतात.

या पहिल्याच टप्प्यात मौन शिकवणारी एक इमारत आहे. मुरुसाबाल गावातून दोनेक किलोमीटर वाट वाकडी केली की शेतात एकटं उभं असलेलं एउनातेचं बाराव्या शतकातलं देऊळ लागतं. ते अष्टकोनी आहे आणि आठही बाजू सारख्या नाहीत. भोवती कमानींची मोकळी रांग आहे. खिडक्यांना काचेऐवजी अलाबास्टरचे पातळ दगड लावलेत, त्यामुळे आत उजेड दुधासारखा येतो. दर्शनाच्या वेळा हंगामाप्रमाणे बदलतात, आदल्या मुक्कामी विचारून घ्या. आधी बाहेरून कमानींमधून एक फेरी घाला, मग आत जाऊन बसा. फोटो काढायचा असेल तर बसण्याआधी काढून टाका. हातात फोन धरून बसलेला माणूस प्रार्थनेत बसत नाही, कोन शोधत राहतो.

त्याच दिवशी पुढे पुएन्ते ला रेइना येतं. गावाच्या तोंडाशी क्रूसाचं देऊळ आहे आणि त्यात तीन क्रूसांपैकी पहिला, चौदाव्या शतकातला. जर्मन यात्रेकरूंनी तो आणला अशी परंपरा आहे. आडवी फळी त्याला नाहीच. झाडाच्या दुबेळक्यासारखे दोन फाटे वर गेलेत आणि येशूचे हात त्या फाट्यांवर वर ताणलेले आहेत. सातशे वर्षांपूर्वी कुण्या कारागिराने ख्रिस्ती धर्मातल्या सर्वात ओळखीच्या खुणेचा आकार बदलला आणि लोकांनी त्यापुढे गुडघे टेकले. मला उपासनेतलं सर्जनाचं धाडस म्हणतात ते इथे दिसतं. त्यात चमकवण्याचा हेतू नाही. क्रूस झाडाचा होता, आणि दुःख वरच्या दिशेने हाक मारतं, एवढंच त्याने लाकडात धरलं. असा बदल सुचायला आधी मूळ क्रुसापुढे पुष्कळ वेळ बसावं लागत असणार.

बुर्गोस सोडलं की मेसेता सुरू होते. सुमारे 800 मीटर उंचीवरचं सपाट पठार, लेओनपर्यंत 180 किलोमीटर. गहू, आभाळ आणि रस्ता. बरेच जण हा भाग बसने टाळतात, आणि मौन शोधायला आलेल्याने टाळू नये असा भाग हाच आहे. कार्रिओन दे लोस कोंदेसपासून काल्सादिया दे ला क्वेसापर्यंत सलग 17 किलोमीटर गाव नाही, सावली जवळजवळ नाही. त्या दिवशी दोन लिटर पाणी, पाव, चीज आणि थोडा सुका मेवा आदल्या रात्रीच भरून ठेवा. कार्रिओनला ऑगस्टिनियन सिस्टर्सच्या निवाऱ्यात राहिलात तर संध्याकाळी त्या सगळ्यांना जमवून गातात आणि मिस्सेनंतरच्या आशीर्वादात प्रत्येकाच्या हातात कागदाचा रंगवलेला छोटा तारा देतात. तो तारा स्तोत्रांच्या कागदात ठेवा. सप्टेंबरमध्ये इथे आठच्या सुमारास उजाडतं, तेव्हा पहाटे निघणार असाल तर कपाळावरचा दिवा हवा. पश्चिमेकडे चालत असल्याने सकाळी आपली सावली आपल्या पुढे चालते, आणि दिवसभर ऊन डाव्या अंगाला लागतं. डावी पोटरी आणि डावा कान भाजतात. क्रीम तिथे विसरू नये.

मौनाचा नियम आम्ही असा ठेवतो. निघाल्यापासून पहिले दोन तास कुणी बोलायचं नाही. दोघांत किमान पन्नास पावलांचं अंतर, म्हणजे पुढच्याच्या बुटांचा आवाज येत नाही. फोन विमान मोडवर. वाट दाखवायला पिवळे बाण पुरेसे आहेत. सर्वात हळू चालणारा पुढे, म्हणजे मागे राहिल्याची चिंता कुणाला लागत नाही. भेटायची जागा आधी ठरवलेली, शक्यतो पहिल्या गावातलं कॉफीचं दुकान. तिथे मनमोकळं बोलायचं. दिवसभर तोंड बांधून ठेवणारे तिसऱ्या दिवशी चिडचिडे होतात, आणि ज्याला मदत हवी असते तो मागायला लाजतो.

बिघडतं कुठे? बाहेर शांत झालं की आत गोंगाट सुरू होतो. घराचे हप्ते, जुनं भांडण, सिनेमातल्या गाण्याची एकच ओळ तासभर. मेसेतेत डोळ्यांना नवीन काही मिळत नाही, म्हणून मन जुनी कोठारं उघडतं. काही जण रडतात. याला घाबरून बहुतेक लोक कानात गाणी लावतात आणि मौन तिथेच तुटतं. लढून उपयोग नाही. मनाला एक ओळ द्यावी: ‘प्रभू येशू ख्रिस्ता, माझ्यावर दया कर.’ चार पावलांत पहिला अर्धा श्वास घेताना, चार पावलांत दुसरा श्वास सोडताना. चढावर श्वास तोकडा पडतो, तिथे फक्त ‘येशू’. बायबलमधला संदेष्टा एलिया देवदूताने दिलेली भाकर खाऊन चाळीस दिवस होरेब डोंगरापर्यंत चालला, आणि तिथे वारा, भूकंप, अग्नी या कशातच परमेश्वर नव्हता. शांत, मंद वाणी त्यानंतर आली. ते चाळीस दिवस वाचताना आपण सहज ओलांडतो.

याच टप्प्यात शब्द सुचू लागतात, आणि मराठी माणसाच्या हाताशी चालण्याच्या तालाचा छंद तयार आहे. मोठ्या अभंगाचे पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे, चौथा चार अक्षरांचा, दुसऱ्या-तिसऱ्याचं यमक. दोन अक्षरांना एक पाऊल दिलं की तीन-तीन-तीन-दोन पावलांत ओळ बसते:

गव्हाच्या शेतात । सावली ना कुठे ।
तरी पाय उठे । तुझ्याकडे ॥

फार मोठं काव्य नाही, पण प्रार्थना आहे, आणि ती त्या दिवशीच्या रस्त्यावरची आहे. फादर स्टीफन्स यांनी 1616 साली गोव्यात रायतूरला ख्रिस्तकथा ओवीत छापली. ना. वा. टिळकांनी ख्रिस्ताला अभंगात आणि कीर्तनात आणलं. आपल्या घरातच हे धाडस झालेलं असताना मराठी ख्रिस्ती माणसाने उसन्या चालींवरच भागवावं, हे मला पटत नाही. मुक्कामाला पोहोचल्यावर ओळी वहीत उतरवा, आंघोळीच्या आधी. जेवणानंतर त्या राहत नाहीत.

लेओननंतर आस्तोर्गा आणि मग डोंगराच्या पायथ्याशी राबानाल. इथे बेनेडिक्टाईन मठवासी संध्याकाळची प्रार्थना ग्रेगोरियन चालीत, लॅटिनमध्ये गातात. यात्रेकरूंनाही बसता येतं. लक्ष द्यायचं ते ओळीच्या मध्यावर. स्तोत्राची प्रत्येक ओळ दोन भागांत असते, मध्ये छापील चांदणी. तिथे सगळे थांबतात, एका श्वासाएवढे, आणि मगच दुसरा अर्धा उचलतात. नवखा माणूस हमखास त्या थांब्यात पुढे घुसतो, कारण शांतता म्हणजे कुणीतरी चुकलं असं आपल्याला वाटतं. दोन-तीन स्तोत्रांनंतर कान शिकतो. ओळीचे दोन भाग तो थांबाच जोडून धरतो. मठाच्या पाहुणेघरात राहायचं तर निदान दोन रात्री थांबावं लागतं. सवड असेल तर थांबाच.

परतल्यावर आपल्या मिस्सेत हेच पाहा. नियमाप्रमाणे शांततेच्या जागा ठरलेल्या आहेत: पश्चात्तापाच्या विधीत, ‘आपण प्रार्थना करू या’ नंतर, वाचनानंतर आणि प्रवचनानंतर, ख्रिस्तप्रसादानंतर. पहिल्या दोन ठिकाणी अर्धं मिनिट, शेवटच्या ठिकाणी दोन मिनिटं ठेवून बघा. बिघडतं ते कीबोर्डमुळे. वाजवणाऱ्याला रिकामी जागा दिसली की बोटं चालतात. त्याला आधी सांगून ठेवा, आणि सूचना शेवटच्या प्रार्थनेनंतर द्या. मिस्सेची मूळ प्रार्थना कुणी बदलायची नाही. प्रवेशगीत आणि प्रसादगीत मात्र नवं होऊ शकतं. वहीतला अभंग आधी फादरांना दाखवा, मग गायनमंडळाला.

राबानालपासून सात-आठ किलोमीटरवर, सुमारे 1,500 मीटर उंचीवर दुसरा क्रूस आहे: उंच ओकच्या खांबावर लहानसा लोखंडी क्रूस आणि तळाशी दगडांचा ढीग. घरून आणलेला दगड इथे ठेवायची रीत आहे. सुपारीएवढा पुरे. फोटो, कपडे, प्लॅस्टिकची फुलं ठेवू नयेत. ती पावसात कुजतात आणि साफ दुसऱ्यालाच करावी लागतात.

पुढे ओ सेब्रेइरोचं दगडी देऊळ. इथले धर्मगुरू एलियास वालिन्या यांनी 1984 साली पिवळा रंग गाडीत घालून वाटभर बाण रंगवले. तेव्हा या वाटेने वर्षाला जेमतेम काही शे लोक चालत; 2024 मध्ये कॉम्पोस्तेला हे प्रमाणपत्र घेणारे पाच लाखांच्या घरात होते. एका गावच्या धर्मगुरूने रस्त्याचा रंग हातात घेणं, हेही उपासनेतलंच सर्जन आहे. शेवटचे किमान 100 किलोमीटर पायी झाले की प्रमाणपत्र मिळतं, म्हणून सार्रियापासून गर्दी एकदम वाढते, स्पीकर वाजतात, शाळांच्या सहली येतात. यात्रापुस्तिकेवर इथून रोज दोन शिक्के घ्या. मौन राखायचं तर उशिरा, नऊनंतर निघा आणि मोठ्या गावांऐवजी मधल्या लहान गावात मुक्काम करा.

मेलिदेच्या जरा आधी, फुरेलोसच्या लहान देवळात तिसरा क्रूस आहे, विसाव्या शतकातला. येशूचा उजवा हात क्रुसावर नाही. तो खाली, समोर उभ्या असलेल्याकडे आला आहे. बहुतेक लोक मेलिदेला जेवायच्या घाईत हे देऊळ ओलांडून जातात. पाठपिशवी दाराशी ठेवून आत जा आणि त्या हाताच्या खाली उभे राहा.

सांतियागोला कॅथेड्रलमध्ये पाठपिशवी नेता येत नाही, आधी सामान कुठेतरी ठेवा. यात्रेकरूंची मिस्सा दुपारी 12 आणि संध्याकाळी साडेसातला असते, अर्धा-पाऊण तास आधी जागा धरा. त्यानंतर वेगळं तिकीट काढून वैभवद्वार, म्हणजे शिल्पकार मास्टर मातेओने घडवलेलं कॅथेड्रलचं दगडी दार, बघा. त्याच्या दगडावर 1188 साल कोरलेलं आहे. कमानीवर बायबलच्या प्रकटीकरण पुस्तकातले चोवीस वडील वाद्यं घेऊन बसलेत. पुष्कळ जण अजून वाजवत नाहीत, सूर लावताहेत, एकमेकांशी बोलताहेत. खाली संदेष्टा दानिएल चक्क हसतो आहे.

निघण्याची तारीख ठरवताना एक ध्यानात ठेवा: 25 जुलै रविवारी येतो ते पवित्र वर्ष, आणि पुढचं 2027 मध्ये आहे. त्या वर्षी जागा महिनोन्महिने आधी भरतील. मे किंवा सप्टेंबर बरा. शेंगेन व्हिसा 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवसांचा मिळतो. उतरलात फ्रान्सला तरी जास्त दिवस स्पेनमध्ये असल्याने अर्ज स्पेनकडे करायचा, आणि विमा किमान 30,000 युरोंचा लागतो. गटात फादर असतील तर त्यांनी बिशपांचं पत्र बरोबर ठेवावं आणि मराठी मिस्सेसाठी चॅपल मिळेल का हे यात्रेकरूंच्या कार्यालयात आधी विचारून घ्यावं.