कोणी पाहत नसताना वावरात काय असतं

मागच्या आठवड्यात एक रात्र वावर राखायला जागलीला गेलो नाही. घरी पाव्हणे होते, थंडीही लय होती, म्हटलं एका रात्रीनं काय होते. सकाळी जाऊन पाहतो तर धुऱ्याकडचे हरभऱ्याचे चार तास, म्हणजे ओळी, साफ, रानडुकरांनी पार उकरून टाकलेले आणि ओलिताच्या मातीत खुरं उमटलेली.

त्याच्या आदल्याच दिवशी एका मित्रानं व्हिडिओ पाठवला होता, क्वांटम फिजिक्सनं सिद्ध केलं म्हणे की आपण पाहतो तेव्हाच जग असतं. मी त्याला त्या खुरांचा फोटो पाठवला. तो म्हणाला, "अबे पण डुकरं तं पाहत होते ना, तेबी जीवच हायेत." मुद्दा बरोबर आहे, मला दिवसभर उत्तर सुचलं नाही.

मग लोणार आठवलं. आमच्या बुलढाणा जिल्ह्यातलंच, लहानपणापासून पाहिलेलं. काळ्या बेसाल्टमधला जवळपास 1.8 किलोमीटर रुंद खड्डा, आकाशातून दगड येऊन आपटला त्याचा. कधी आपटला याचा एका पद्धतीनं हिशोब निघाला सुमारे 52 हजार वर्षं, दुसरीनं निघाला सुमारे 5 लाख 70 हजार. केवढा फरक! पण मला इथंच खरी गोष्ट दिसते, जग जर आपल्या पाहण्यातूनच बनत असतं तर आपलं चुकलं कशाच्या तुलनेत म्हणायचं? त्या दगडाला एक ठरलेला दिवस होता, तो आपल्याला अजून सापडत नाही एवढंच. आणि मित्र म्हणेल तेव्हाही जनावरं होतीच, तर आकाशातून पडणारे असे बहुतेक दगड साडेचारशे कोटी वर्षांपूर्वीचे असतात, तेव्हा पृथ्वीवर पाहायला एक डोळा नव्हता.

आता क्वांटमचं. एकेक करून इलेक्ट्रॉन दोन फटींतून सोडले तरी पडद्यावर हळूहळू लाटांच्या मिसळण्यानं बनावेत तसे पट्टे तयार होतात, आणि कोणता कुठून गेला हे कळायची सोय केली की पट्टे जातात, हे खरं आहे. घात केला तो 'निरीक्षण' या शब्दानं. तिथं निरीक्षणाला कोणाच्या मनाची गरज नसते. व्हिएन्नात कार्बनच्या मोठ्या रेणूंवर प्रयोग झाले, त्यात यंत्रात थोडा वायू सोडला तर त्याच्या नुसत्या धडकांनी पट्टे पुसट होत गेले. वायूचा रेणू काही जाणीव घेऊन बसलेला नव्हता.

पण मित्राचं सगळंच खोडून काढणं प्रामाणिक होणार नाही. 14 जुलै 1930 ला बर्लिनजवळ कापुथला रवींद्रनाथ आइन्स्टाइनला भेटले तेव्हा हाच वाद झाला. आइन्स्टाइनचं म्हणणं, घरात कोणी नसलं तरी टेबल जागेवरच राहतं, आणि रवींद्रनाथांचं, हो, एका माणसाच्या मनाबाहेर राहतं, पण विश्वमनाबाहेर नाही. टेबलाबाबत मी आइन्स्टाइनच्या बाजूनं. पण 1964 मध्ये भौतिकशास्त्रज्ञ जॉन बेलनं एकमेकांशी जोडलेल्या, पण दूर असलेल्या दोन कणांबाबत गणितानं दाखवलं की मोजायच्या आधीच कणाचं उत्तर ठरलेलं असतं आणि इथल्या कणाच्या मोजणीचा तिथल्या कणावर तत्काळ परिणाम होत नाही, या दोन्ही गोष्टी एकदम धरून ठेवल्या तर क्वांटमच्या आकड्यांशी मेळ बसत नाही. प्रयोगांनी क्वांटमचीच बाजू खरी केली, त्यासाठी 2022 चं नोबेल आस्पे, क्लाउझर आणि झाइलिंगरला मिळालं. म्हणजे जग आहे, पण आपण समजत होतो तसं साधं ठरलेलं नाही. हे मला जड जाते, तरी मानावं लागते.

आणखी एक आहे. पहिल्या पावसाचा वास. मातीतल्या जिवाणूंनी बनवलेला जिओस्मिन नावाचा रेणू हवेत उडतो, तो कोणी नसलं तरी उडणारच. पण नाकच नसेल तर वास आहे का? माझ्या मते नाही, रेणू आहे, वास नाही. इथं मी मित्राला अर्धं गाव सोडून देतो.

आबाजींना शेवटची दोन वर्षं काचबिंदूनं काहीच दिसत नव्हतं. ओट्यावर बसून असायचे, वावरात जाणं बंद झालेलं. मी संध्याकाळी घरी आलो की चपलेचा आवाज ऐकूनच विचारायचे, "बापू, तुरीले फुलं लागले का रे?" मी पाहून सांगायचो. कधी नुसतं हो म्हटलं तर म्हणायचे, "धुऱ्याकडच्या तासात पाह्यलं का? थे मांगं राह्यते."

खरंच तो तास मागं असायचा.